खेळ म्हणजे टाइमपास नाही! भाषेच्या क्लासमध्ये मुलांना बोलतं कसं करायचं?



गेल्या काही महिन्यांत बारामती-इंदापूर भागातून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतोय. "सर, गावात जर्मनचा क्लास काढला तर चालेल का?" "जपानी शिकवणारी ताई मिळालीय, वरचा हॉल रिकामाच आहे, बॅच किती जणांची ठेवू?"

प्रश्न बरोबर आहे. मागणी आहेच. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग आणि आयटीआयवाल्या पोरांच्या घरात 'जर्मन' हा शब्द रोजचा झालाय. तिकडे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावात जिल्हा परिषद शाळेनं मुलांनाच विचारलं होतं, कोणती परदेशी भाषा शिकायची? पोरांना रोबो आणि तंत्रज्ञानाची आवड, म्हणून बहुतेकांनी जपानी निवडली. म्हणजे परदेशी भाषा ही आता फक्त पुण्याच्या पेठांची आणि कोथरूडची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या बारामती एमआयडीसीतच पियाजिओ आणि फेरेरो या दोन इटालियन कंपन्यांचे कारखाने उभे आहेत.

पण क्लास काढण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. तुम्ही विकणार काय?

व्याकरण विकणार असाल, तर ते मोबाईलवर फुकट आहे. शब्द पाठ करून घेणार असाल, तर त्याचीही ॲप आहेत. गिऱ्हाईक तुमच्या हॉलपर्यंत गाडीला किक मारून येतं ते एकाच गोष्टीसाठी. घरात त्याच्याशी त्या भाषेत बोलणारं कुणी नाही. बोलायची संधी हा तुमचा माल. आणि वर्गात ही संधी तयार करायचं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे खेळ. पण कुठलाही खेळ नाही. त्यामागे एक नियम आहे, तोच आज शिकायचाय.

आधी माझी चूक ऐका

मी स्वतः दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये स्पोकन इंग्लिशची बॅच चालवली. शिक्षक चांगले होते, नोट्स छापील होत्या, दर शनिवारी टेस्ट. एक मुलगी प्रत्येक टेस्टमध्ये पहिली. तिसऱ्या महिन्यात तिला एका कंपनीतून इंटरव्ह्यूचा फोन आला, तोही क्लास चालू असतानाच. समोरून इंग्रजीत साधा प्रश्न, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." पोरीनं माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी तो घेतला, आणि तिच्या वतीनं मीच बोललो! आजही आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिची आई दुकानात आली. भांडायला नाही, सरळ विचारायला. "सर, पोरगी वहीत छान लिहिती. पण बोलती कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी नंतर क्लासला आली नाही. तिची फी मी परत करायला हवी होती, केली नाही. ते अजून टोचतं. पण त्या रात्री मी वही काढून एक हिशोब मांडला. तोच तुम्हाला देतो.

५० सेकंदांचा हिशोब

समजा बॅच २४ जणांची आहे. तास ६० मिनिटांचा. शिक्षक ३० मिनिटं शिकवतात, १० मिनिटं फळ्यावरचं उतरवण्यात जातात. उरली २० मिनिटं. त्यात एकेकाला उभं करून बोलायला लावलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला येतात ५० सेकंद. आठवड्याला तीन तास, म्हणजे महिन्याला १२ तास. एका पोराचं महिन्याचं बोलणं किती? १० मिनिटं.

महिनाभराची फी घेऊन आपण १० मिनिटांचा माल देतो. किराणा दुकानात असं वजन मारलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात दिसेल.

आता तीच २० मिनिटं सगळ्यांना जोड्यांत बसवून द्या. १२ जोड्या एकाच वेळी बोलतात. प्रत्येकाला मिळतात १० मिनिटं. महिन्याला १२० मिनिटं, म्हणजे दोन तास. हॉल तोच, शिक्षक तोच, पगार तोच. माल १२ पट!

पण "जोडीत बसा आणि जर्मनमध्ये बोला" असं म्हटलं तर काय होतं? दोन मिनिटं हसतात, मग मराठीत गप्पा सुरू. कारण बोलायला काही कारणच नसतं. हे कारण खेळ देतो.

नियम एकच: माहितीत दरी हवी

दोघांकडे एकच माहिती असेल तर बोलायची गरजच नाही. एकाकडे अर्धी, दुसऱ्याकडे अर्धी, आणि एकमेकांचा कागद बघायला बंदी असेल, तर तोंड उघडावंच लागतं. या दरीवर पूल बांधायला भाषा लागते.

या धर्तीचा प्रयोग आपल्या देशातही झालाय. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रोजेक्ट म्हणून जगभर अभ्यासला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे अशी कामं दिली. कोडं सोडवायच्या नादात भाषा आपोआप वापरली जायची. गंमत म्हणजे प्रभू गटात काम करून घेण्याच्या फारसे बाजूनं नव्हते. मुलं एकमेकांची चुकीची भाषा उचलतील, अशी त्यांची शंका होती. ही शंका लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट कॅनडाची. तिथं इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शाळेत वर्षानुवर्षं बरेच विषय फ्रेंचमधून शिकवले. त्यांना फ्रेंच समजायला उत्तम लागली, पण बोलणं-लिहिणं तितकं नीट येईना. १९८५ मध्ये मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी यावरून मुद्दा मांडला की नुसतं ऐकून भागत नाही, स्वतः वाक्य जुळवून बाहेर काढावं लागतं. अडखळलं की मगच कळतं, आपल्याला काय येत नाही ते. पोहायचं पुस्तक वाचून कालव्यात उडी मारता येत नाही, तसंच हे.

पाच खेळ, उद्यापासून चालू करता येतील असे

१. अर्धा दरफलक. दोन कार्डं करा. दोन्हीवर त्याच दहा वस्तू: कांदा, डाळिंब, द्राक्षाची पेटी, दूध वगैरे. पहिल्या कार्डावर पाच वस्तूंचे भाव लिहिलेले, पाच रिकामे. दुसऱ्यावर उलट. जोडीनं पाठीला पाठ लावून बसायचं आणि विचारून भाव भरायचे. शेवटी दोन्ही कार्डं जुळवायची. यात आकडे, प्रश्न आणि 'पुन्हा सांगा' ही विनंती, तिन्हीचा सराव होतो. आकडे हा पहिल्या पायरीवरचा सगळ्यात कच्चा भाग असतो. जर्मनमध्ये तर २५ हा आकडा 'पाच आणि वीस' असा म्हणतात. आपण मराठीतही आधी पाच आणि मग वीस असंच 'पंचवीस' म्हणतो, हे मुलांना दाखवून द्या. भीती लगेच कमी होते.

२. विषय आणि शब्द. जर्मनची पहिली परीक्षा म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटची 'ए१'. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे तिचे चार भाग, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला ६०. संभाषणाची परीक्षा जास्तीत जास्त चौघांच्या गटात साधारण १५ मिनिटं चालते. आधी स्वतःची ओळख. मग टेबलावरचं एक कार्ड उचलायचं, त्यावर विषय आणि एक शब्द असतो. समजा विषय 'जेवण' आणि शब्द 'रविवार'. तर शेजाऱ्याला विचारायचं, "वास एस्सेन झी आम झोनटाग?" म्हणजे रविवारी तुम्ही काय खाता? त्यानं उत्तर द्यायचं. तिसऱ्या भागात चित्राचं कार्ड उचलून त्या वस्तूबद्दल विनंती करायची.

लक्षात आलं का? ही परीक्षाच एक पत्त्यांचा डाव आहे! मग सरावही पत्त्यांनीच करा. चौघांचा गट, मधे गड्डी, आळीपाळीनं उचला. पहिल्या आठवड्यापासून हे खेळलेला पोरगा परीक्षेच्या टेबलावर घाबरत नाही, कारण ते टेबल त्याच्या ओळखीचं असतं.

३. ओळखा पाहू. एकानं मनात वस्तू धरायची, बाकीच्यांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. २० प्रश्नांत ओळखा. जपानीला हा फार छान बसतो. "सोरे वा ताबेमोनो देस का?" म्हणजे ते खायचं आहे का? उत्तर "हाय" किंवा "ईए". एकच साचा, शब्द बदलत जातो, त्यामुळे लाजाळू मूलही दोन-तीन प्रश्न विचारतंच. जपानी शिकवताना एक सांगा: क्रियापद शेवटी येतं आणि नामाला प्रत्ययासारखे छोटे शब्द जोडतात. "मी पाणी पितो" हा क्रम जपानीतही तसाच, "वाताशी वा मिझु ओ नोमिमास". मराठी माणसाला ही भाषा वाटते तेवढी परकी नाही.

४. धावतं श्रुतलेखन. हॉलच्या लांबच्या भिंतीवर पाच-सहा ओळींचा मजकूर चिकटवा. जोडीतल्या एकानं धावत जायचं, एक वाक्य वाचून लक्षात ठेवायचं, परत येऊन सांगायचं. दुसऱ्यानं लिहायचं. निम्म्यावर अदलाबदल. वाचन, लक्षात ठेवणं, उच्चार, ऐकणं, लेखन सगळं एका डावात. एक सूचना: खाली दुकान असेल तर चपला काढून खेळा. माझ्या खालच्या रॅकवरच्या बरण्या हलायला लागल्या होत्या.

५. पाहुण्याला सांगा. हा पुढच्या पायरीचा खेळ. कार्डावर आपल्या भागातली एक गोष्ट लिहायची. ती समजावून सांगायची, पण तिचं नाव घ्यायचं नाही. आपल्याकडे विषयांची काय कमी? तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. 'रिंगण' हा शब्द न वापरता परदेशी पाहुण्याला ते सांगून बघा. गोल, घोडा, पळणं, गर्दी, नमस्कार... साधे शब्द, पण जुळवताना घाम फुटतो. दुसरं कार्ड भिगवणचं. कुंभारगावात उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि तिथले मच्छीमार होडीतून पर्यटकांना ते दाखवतात. एक जण होडीवाला, दुसरा पाहुणा. भाव ठरवा, वेळ ठरवा, पक्षी दाखवा. क्लासमधला एखादा पोरगा उद्या तिथं खरंच होडी घेऊन उभा असेल, काय सांगावं?

खेळ कुठे फसतो

पहिलं, बाद करणारे खेळ टाळा. चुकलं की बाहेर बस, या पद्धतीत ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच सगळ्यात आधी गप्प बसतो. हुशार पोरं शेवटपर्यंत खेळतात. म्हणजे ज्याचं पोट भरलंय त्यालाच वाढलं.

दुसरं, अंताक्षरी, शब्दांची भेंडी हे खेळ वाईट नाहीत, पण त्यात वाक्य तयार होत नाही. दरीही नाही. सुरुवातीला पाच मिनिटं वातावरण मोकळं करायला ठेवा. तो मुख्य माल समजू नका. मी महिनाभर तीच चूक केली. हॉलमध्ये हशा जोरात, बोलणं शून्य.

तिसरं, मधेच चुका काढू नका. पोरगं वाक्य जुळवत असताना शिक्षक म्हणाले "चूक!" की ते वाक्य तिथंच मरतं, आणि पुढची चारही. पण प्रभूंची शंका आठवा, चुका तशाच सोडल्या तर त्या पक्क्या होतात. उपाय सोपा आहे. शिक्षकांनी वही घेऊन जोड्यांमधून फिरायचं, ऐकायचं, लिहायचं. खेळ संपल्यावर पाच चुका फळ्यावर, कुणाचंही नाव न घेता. वर्गानं त्या दुरुस्त करायच्या. आणि मग तोच खेळ नव्या जोडीदाराबरोबर पुन्हा. दुसऱ्या फेरीत वाक्यं लांब होतात, तुम्हीच बघा.

चौथं, खेळाआधी तयारी. लागणारी चार-पाच वाक्यं फळ्यावर हवीत आणि सगळ्यांनी मिळून एक फेरी खेळलेली हवी. नियम मराठीत समजावले तरी चालतात, उलट वेळ वाचतो. पण डाव सुरू झाला की मराठी बंद. दंड लावू नका, "हे कसं म्हणायचं?" हे वाक्य त्या भाषेत पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या. मराठीकडे पळायची गरज निम्मी होते.

पाचवं, जोड्या बदलत्या ठेवा. कायम हुशार-कच्चा अशी जोडी लावली तर हुशार बोलतो आणि कच्चा मान डोलावतो. कच्च्याच्या हातात जास्त माहिती असलेलं कार्ड द्या. मग हुशाराला त्याच्याकडे मागावंच लागतं.

पालक दारात उभे आहेत, त्यांना काय सांगाल?

हा खरा धंद्याचा प्रश्न. वडील न्यायला येतात, हॉलमधून हसण्या-ओरडण्याचा आवाज. "आम्ही खेळायला पैसे भरले का?" त्यांचं चुकत नाही. आपल्याकडे शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग.

भाषण देऊ नका, पुरावा द्या. पहिल्या दिवशी प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करा, घरच्यांना विचारून. ३० व्या दिवशी त्याच विषयावर पुन्हा. दोन्ही पालकांना ऐकवा. पहिल्यात "माय नेम इज..." आणि शांतता. दुसऱ्यात अडखळत का होईना, आठ-दहा वाक्यं. भाषा येत नसलेल्या आईलाही हा फरक कळतो. आणि फरक पडलाच नसेल? तर तो तुम्हाला ३० व्या दिवशी कळला, तिसऱ्या महिन्यात नाही. पद्धत बदलायला वेळ आहे.

जपानीवाल्यांनी हे जास्तच मनावर घ्या. जपानीची जेएलपीटी परीक्षा वाचन, श्रवण, शब्द आणि व्याकरण तपासते. त्यात बोलण्याची परीक्षाच नाही. म्हणजे प्रमाणपत्र हातात असूनही पोरगं मुकं असू शकतं. ते रेकॉर्डिंगच तुमचं खरं प्रगतिपुस्तक.

खर्च आणि शब्द

खर्च बघितला तर यात भांडवल जवळपास नाहीच. कार्डशीट, स्केच पेन, लॅमिनेशन. एक संच नीट जपला तर बॅचमागून बॅच चालतो. बाकं जड असतील तर सतरंजी टाका, जोड्या पटकन बदलतात. खरी गुंतवणूक शिक्षकाच्या वेळेची आहे. एका तासाचा खेळ तयार करायला सुरुवातीला दीड-दोन तास लागतात. हा वेळ पगारात धरा, नाहीतर दुसऱ्या महिन्यात शिक्षक परत पुस्तकावर जातील.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. जर्मनी-जपानच्या नावानं फी भरणारं घर ही रक्कम सहज देत नाही. कुणी सोसायटीचं कर्ज काढतं, कुणी दुधाचा पगार बाजूला ठेवतं. त्यांना नोकरीची, व्हिसाची खात्री देऊ नका. ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच आहे: "महिन्याला तुमचं मूल किमान दोन तास तोंड उघडून ही भाषा बोलेल, आणि त्याचं रेकॉर्डिंग तुम्हाला ऐकायला मिळेल." हा शब्द छोटा आहे, पण पाळता येतो. पत्रकावर हेच छापा.

या आठवड्याचं काम

१. तुमचा क्लास चालू असेल तर एका तासाला मोबाईलवर टायमर लावा. कुठल्याही एका शांत मुलाकडे लक्ष ठेवा आणि तो नक्की किती सेकंद बोलला ते लिहा.

२. अर्ध्या दरफलकाच्या १२ जोड्या तयार करा. भाव तुमच्या गावच्या बाजारातलेच घाला.

३. क्लास अजून काढायचा असेल तर घरातल्या किंवा शेजारच्या चार पोरांवर हा खेळ इंग्रजीत करून बघा. हॉलचं डिपॉझिट त्यानंतर भरा.

पहिल्या कामात जो आकडा येईल तो कमीच असेल, माझाही होता. लपवू नका, वहीत तारीख टाकून लिहून ठेवा. पुढच्या भागात बॅचची फी कशी ठरवायची ते बघू, तेव्हा हाच आकडा लागणार आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.